बाजाराचे ओटे

ज्याने कुणी आमच्या बाजाराचा नकाशा काढला ना, त्याने जन्मात कधी खाली बसून भाजी विकलेली नाही, पैज लावतो. अहो, ओटे छातीएवढे उंच! तुम्हाला सांगतो, आमचं गाव अक्कलकुव्याच्या पुढे, मंगळवारी डोंगरातल्या बाया टोपल्या घेऊन उतरतात, आणि बसतात कुठे? ओट्याखाली. वर कोण? शेळ्या. त्यातल्याच गजराबाईला विचारलं, मावशी, वर का नाही बसत? तर म्हणते, "वर बसीसन गिऱ्हाईक देखू का तोल सांभाळू?"

आता नवा बाजार बांधणार असं कळलं. मी नुकताच आर्किटेक्ट झालेलो, डोकं गरम, गेलो जिल्ह्याच्या बांधकाम ऑफिसात. नकाशांची स्पर्धा घ्या, म्हटलं. तिथले क्लार्क नवलभाऊ कपाट उघडून म्हणतात, "नकाशा तयार शे ना भाऊ, मंग स्पर्धा कसाले?" नकाशा कुठला? कुठल्याशा गावच्या मासळीबाजाराचा, नाव खोडून आमचं लिहिलेलं... म्हणून तर स्पर्धा घ्या, म्हटलं. दहा जण दहा तऱ्हांनी डोकं चालवतील, गाव बघेल, गाव निवडेल, नाहीतर अख्खा जिल्हा एकाच कपाटातून बाहेर पडायचा, चुकांसकट. उपोषणाला बसलो, आईने डबा पाठवला, तरी बसलो. शेवटी कंटाळून घेतली हो त्यांनी स्पर्धा. निवड बाजारातल्या बायांनी करायची, ही अटसुद्धा माझीच, बरं का.

महिनाभर मान मोडून कॉम्प्युटरवर चित्रं केली. काय ऊन, काय सावल्या... फक्त गिऱ्हाईकं कोटातली गोरी, कारण कॉम्प्युटरात माणसं तीच मिळतात. बाया बराच वेळ बघत राहिल्या, मग एकीने विचारलं, "ह्या लोके भाजी लेतस का?"

आणि स्पर्धेत उतरलेली लोणखेड्याची रिना, अजून कॉलेजात आहे, तिने कागदच आणला नाही. चुन्याची गोणी आणली. मैदानावर खऱ्या मापात रेघा मारल्या, ही टोपली, हे बसायचं, इथे लेकरू निजवायचं, ओटा वीतभर उंच. बाया बसून बघतात, भांडतात, रिना रेघ पुसते, परत आखते... निकाल लागला. मी हरलो. एकमताने.

हरलो तर हरलो. तिथेच मैदानात नवलभाऊंना गाठलं, हात हलवून हलवून सांगायला लागलो, बघा, कपाटातून निघालं असतं का हे, याच्यासाठीच स्पर्धा घ्या म्हटलं, याच्याचसाठी... तर मागून गजराबाईने टोपली टेकवली.

"भाऊ, जरा सरक. तू मन्हा दुकानमा उभा शे."