राल्फकाकांचा नवस

कीर्तनात बुवा कथेला लागले की मी सरसावून बसते. काल व्हँकुव्हरला नोटरीच्या वेटिंगरूममध्ये तशीच बसले. शेजारी आपल्याकडचेच बेने इस्राएली ज्यू, डोरिसमावशी आणि त्यांचा भाचा आशेर, मावशींच्या वारलेल्या नवऱ्याची, राल्फकाकांची, दलदलीची जमीन विकायच्या कागदांवर सही करायला आले होते.

“आशेर, हा चिखल विकत घेऊन ही माणसं बांधणार काय त्यावर?”

“काहीच नाही, मावशी. सॅमन माशांसाठी तसाच ठेवणार.”

“मासे नदीत असतात ना रे?”

“मोठे. पिल्लं हिवाळाभर अशा संथ पाण्यात राहतात. नदीच्या लोंढ्यात टिकत नाहीत ती.”

“आणि राल्फने खणलेला चर?”

“त्याचं तोंड बंद करतील. पाणी अडायला हवं ना.”

“मग मी नाही सही करत. वीस वर्षं दर रविवारी फावडं घेऊन जायचा तो! जमीन सुकली तर गोड पोह्यांचा मलिदा करीन, असा आपल्या एलियाहू हन्नबीला नवस बोलला होता.”

“मावशी, सर्व्हेत पिल्लं कुठे सापडली, सांगू?”

“कुठे?”

“काकांच्या चरातच. चारशेच्या वर.”

“अगं बाई! त्याला तर ती बेडकांची पिल्लं वाटायची. गेला की ओरडायचा त्यांच्यावर.”

“बेडूक नव्हते, सॅमन होते.”

“आणि जमीन खरंच सुकली असती तर?”

“तर एकही पिल्लू राहिलं नसतं.”

“...पेन दे इकडे. आणि घरी जाताना ग्रोसरीपाशी थांब. पोहे, नारळ घ्यायचेत.”

“आता कशाला?”

“मलिदा करायचाय. सुकली नाही म्हणून.”