काळी जाड अक्षरे

गेल्या चातुर्मासात, एका सकाळी दहाच्या सुमारास, नंदुरबार बसस्थानकावर माझ्या शेजारीच धानोऱ्याच्या गाडीतून उतरलेले वृद्ध सुभाषचंद, समोर धाकटी बहीण पानी व तिची नात जिनल पाहून थबकले.

"पानी, तू जित्ती शे?"

"मग काय भूत बोली ऱ्हायनं, भाऊ?"

"मोबाईलवर तुन्हा फोटो, खाले काळं जाड नाव! तुन्हा फोन बी बंद. पांढरा कपडा घालीसन निंघनू."

"आजोबा, ती आजीच्या आठ उपवासांच्या पारण्याच्या निमंत्रणाची वेबसाइट. तयार साच्यात अक्षरं काळीच होती."

"जिनल, काळ्या अक्षरांनी तर मयतीची चिठ्ठी धाडतस!"

"आत्ताच बदलली. हे बघा, कुंकवासारखी लाल, फॉन्टही नाजूक."

सुभाषचंदांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचले.

"आते पत्रिका बरोबर शे. बहीण बी."