आमच्या शाळेची घंटा उशिरा का होते

मी मार्था, पोरी मार्थामावशी म्हनतात. माहेर नेवाशाकडचं. वडील चर्चची घंटा वाजवायचे. मी सातवीत हुते तवा विहिरीच्या वाटंवर एक जन रोज आडवा यायला लागला, मी घरी सांगितलं, तर वडलांनी काय केलं, माझी शाळा बंद केली. त्याला कुनी काही इचारलं न्हाई. मला नर्स व्हायचं हुतं. आता मीबी घंटाच वाजवते, शाळेची. शिपाई हाय.

आमच्या शाळेत पोरींच्या ओढनीला दोन पिना लागतात, दोन खांद्यांना दोन, आन् त्या गेटवर बघायच्या मी. हेडसरांनी डबीभर पिना दिल्यात, जसं काय पिनांनीच गडी मानसं सुधारनार हायेत. तर ही कावेरी, नववीतली. त्या दिवशी तिच्या पिना मी माझ्या हातानं लावल्या हुत्या. शाळा सुटली, लख्ख ऊन, आन् स्टँडच्या वाटंवर तो मंडपवाला, लग्नात माइक लावतो ना, तो, त्यानं तिची ओढनी धरून ओढली. पिना तशाच राहिल्या, कापड फाटलं. पोरगी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली आन् पळत माझ्याकडं आली. आन् काय सांगू, माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं, तू त्या वाटंनं गेलीसच कशाला. स्टँडला दुसरी वाट न्हाईच. मीबी रोज तिथूनच जाते. थू माझ्या तोंडावर.

चार दिवसांनी शाळेत कार्यक्रम ठेवला, मुलींची सुरक्षा. नगरहून एक ताई आल्या, छान बोलत हुत्या, एकटीनं फिरू नका, मान खाली घालून चाला, फोटो टाकू नका, दप्तरात मिरचीपूड ठेवा. मधीच माइक कुईं करायला लागला, तर तो नीट करायला स्टेजवर कोन चढलं? तोच. अंगठ्याला पांढरी पट्टी. पोरीनं नाव सांगितलेलं, सरांना ठाऊक, तरी माइक त्याचाच, का, तर दुसऱ्याचा आवाज म्हने फाटका येतो. ताई त्याला थँक्यू म्हनल्या. सगळ्या पोरी त्या पट्टीकडं बघत हुत्या. कावेरी तेवढी मान खाली घालून, ताईंनी सांगितलं तश्शी.

मी चहाचा ट्रे धरून उभी. ट्रे ठेवला आन् म्हनले, ताई, हा समोर हायच, तर यालाबी दोन सूचना द्या की. सर म्हनले, मावशी, चहा द्या. ताई म्हनल्या, हा आजचा विषय न्हाई. व्हय, कसा असंल! पोरींना सांगायला सोपं, पोरी वह्या काढून लिहून घेतात.

दुसऱ्या दिवशी कावेरीचा बाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. डेअरीला दूध घालतो, भला मानूस. म्हनला, मावशी, पोरीला जपायला नको का? मी म्हनले, दादा, मलाबी असंच जपलं हुतं, बघा, हातात हातोडी हाय घंटेची. त्यानं हातोडीकडं बघितलं. मग दाखला न घेताच उठला.

मग मी आन् तिची आई तिला घेऊन पोलीस चौकीत गेलो. तिथला साहेब पहिलं काय इचारतो, अंगावर कपडे कसले हुते? मी पिनांची डबी त्याच्या टेबलावर आपटली. म्हनले, ह्यातल्या दोन हुत्या, लिवा. लिवलं त्यानं. डबी मी तिथंच सोडून आले, परत आननार न्हाई.

केस चालू हाय. त्याचा माइकबी चालू हाय, लग्नात लोक त्याला पहिल्या पंगतीला बसवतात. कावेरी त्याच वाटंनं येते, आता मान वर करून. ती गेटाच्या आत येईस्तवर मी घंटा देत न्हाई. सर घड्याळ दाखवतात, मावशी, उशीर झाला. होऊ द्या, म्हनते, माझ्या टायमाला कुनी थांबलं न्हाई.

रोज प्रार्थनेत दोनच गोष्टी मागते. प्रभू, ह्या पोरीला लई शिकव. आन् त्याच्या अंगठ्यावरचा दातांचा वन मरेस्तवर जाऊ देऊ नको.