काकू, चहा नको

तुम्ही घ्या रे चहा, मला नको. या 'नको'नेच नॉटिंगहॅममध्ये माझी फे फे उडाली होती.

मी तेव्हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी. सोबत एक अमेरिकन जोडीदार, छातीवर आडनावाचा बिल्ला, आणि दिवसभर लोकांची दारं वाजवायची. एक दार उघडलं ते मराठी काकूंनी. बिल्ल्यावर 'कुलकर्णी' वाचून त्या एकदम खूश.

"अरे, आपलाच की! काका कामावर गेलेत, पण या दोघं आत, चहा टाकते."

आता आम्हाला चहा वर्ज्य. त्यात बाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम.

"नको काकू, आत नको. चहापण नको."

त्यांचा चेहराच उतरला. पुन्हा बिल्ल्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाही वाटतं कुलकर्ण्यांना? इथे येऊनसुद्धा?"

नियम सांगितला असता तर ती सबबच वाटली असती. जोडीदार कानाशी, "व्हॉट डिड शी से?" त्याला काय सांगू, कपाळ!

"काकू, पाणी द्या ना."

त्यांनी आणलं. दारातच उभ्या उभ्या घटाघट प्यायलो. त्या नुसत्या बघत होत्या. दुसरा ग्लास मागितला, तेव्हा कुठे हसल्या.

तहान? छे रे, अजिबात नव्हती.