बारीक अक्षरांची पत्रिका

ताईच्या लग्नात मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असंल तर पत्रिकेनं. पैसे बेताचे, म्हणून वडिलांनी सगळ्यात स्वस्त एकपानी पत्रिका पसंत केली. ढोकीचे काका अडून बसले, "भावकीतलं एक बी नाव सुटायचं न्हाय." मग जागा पुरावी म्हणून अक्षरं बारीक करून घेतली.

छापून आल्यावर काकांनी पत्रिका जवळ धरली, लांब धरली अन् भडकले, "माझं नावच न्हाय!"

"हाय की काका." मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

"मग लोकांना काय घरोघरी जाऊन वाचून दाखवणार व्हय?"

वडील म्हणाले, "दाखवंल की."

गेलो ना राव! गाडीवर काका मागं बसलेले. तेरपासून तामलवाडीपर्यंत दरेक दारात पत्रिका दिली की म्हणायचे, "हां, वाच आता."