दिव्याच्या उजेडातलं सोयाबीन

जमलेल्या बाया-बाप्यांनो, मी दत्ता. सुमनबाईंच्या शेजारचा शेतकरी. मला भाषण येत न्हाई, आन आज तर तोंड उघडायची लाज वाटायली. तरी बोलतो.

आत्ता सरपंच म्हणाले, बाई गेल्या, आता चौकात त्यांच्या नावानं मोठा दिवा लावू. लावा. केजच्या कॉलेजात जलमभर पोरांना झाडं शिकवली, एक दिवा बंद करा म्हणून सगळ्या गावाशी भांडल्या, त्यांच्या नावानं दिवाच लावा. दुसरं काही सुचलं कावून न्हाई आपल्याला?

रस्त्यावरचा दिवा माझ्या बांधाला लागला. नारळ मीच फोडलता. त्या साली उजेडातलं माझं सोयाबीन कमरेएवढं, हिरवंगार, पण शेंग न्हाई. पलीकडं थोरल्या भावाचं, दादाचं, वाळून काढणीला आलेलं. मी काय केलं? भर पारावर दादाला म्हणालो, तूच माझ्या पिकावर औषध फवारलंस. तवापास्नं आमचं बोलणं बंद.

बाई एसटीतून उतरून थेट वावरात आल्या. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, भावाला बोल लावू नका. पानात एक रेणू असतो, फायटोक्रोम. दिव्याच्या उजेडातला लाल प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो. अंधारात तो हळूहळू पहिल्यासारखा होतो. त्याच्यावरून सोयाबीन रात्र मोजतं. रात्र लांबली की फुलतं. तुमच्या पट्ट्यात रात्र झालीच नाही."

मी हसलो. आपण सगळेच हसलो. "बाई सोयाबीनला झोपवायला आल्या," हे कोण म्हणालं? नाव घेत न्हाई, समोरच बसलेत.

पुढच्या साली बाईंनी दिव्याच्या अंगाला काठ्या रोवून काळी ताडपत्री उभी केली. ती मी फाडली. होय, मीच. कुत्र्यांनी फाडली म्हणून सांगितलं.  बाईंनी दाभण आणलं, ताडपत्री शिवली, परत बांधली. आन त्या आडोशातल्या चार ओळींना शेंगा लागल्या. बाकी पट्टा हिरवाच. मी शेंग फोडून पाहिली. दाणा भरलेला होता.

बाई म्हणाल्या, "आता तरी दादांना सांगा."

मी म्हणालो, "सांगतो की."

सांगितलं न्हाई. पारावर मान खाली जाईल म्हणून सांगितलं न्हाई. दोन वर्षं बाई भेटल्या की तेवढंच विचारायच्या. परवा दवाखान्यात गेलतो. त्यांना बोलता येत न्हवतं, नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सांगितलं, बाई." मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो मी. त्यांनी डोळे मिटले. पटलं का न्हाई, देव जाणे.

सरपंच, नवा दिवा नको. आन हाय तो सोयाबीनच्या शेंगा भरेस्तोवर बंद ठेवा. बाईंचं कधी ऐकलं न्हाई, एवढं ऐका.

दादा, तू मागं बसलायस. तू फवारलं न्हवतंस. मला दोन वर्षं माहीत हाय.

आता आपण सगळे बाईंसाठी दोन मिनिटं उभे राहू. दादा, माझ्याशेजारी येऊन उभा राहणार असलास तर ये. न्हाई आलास, तरी माझं काही म्हणणं न्हाई.