काचेच्या पेटीतली कवळी

आधी हे लिहा, नाव मग विचारा. अकरा वाजल्यापासून मला ठाण्याबाहेर बाकावर बसवलंय आणि मला पकडून देणाऱ्या संग्रहालयाच्या व्यवस्थापकाला आत खुर्ची दिलीय. कवीच्या घराच्या किल्ल्या सांभाळल्या म्हणून माणूस खुर्चीच्या लायकीचा होत नाही.

नाव वरच्या रकान्यात घेतलंच आहे. वय अठ्ठ्याहत्तर. धंदा, पूर्वी शिवणकाम, आता नातवंडांच्या मागे धावणं. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. राहणार धान्यगोदामामागची गल्ली, तळमजला, डावीकडचं दार. कोणी पढवलं नाही, माझ्या तोंडाने सांगते की :

ज्यांच्या घराचं संग्रहालय केलंय ते कवी माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दोन वर्षांपूर्वी गेले. जाताना घर, आतल्या चीजवस्तूंसकट, आता संग्रहालय चालवते त्या संस्थेला लिहून दिलं. थोरलीचं काय करायचं ते लिहायचं राहिलं. संस्थेने तिला मागच्या खोलीत राहू दिलं. गेल्या थंडीत सकाळी ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. तशीच उचलून इस्पितळात नेली. कवळी तिच्या खोलीच्या खिडकीतल्या वाटीत राहिली. इस्पितळातून थोरली माझ्याकडे आली, त्याच आठवड्यात संस्थेने तिच्या खोलीला कुलूप घातलं.

कवळी मागायला मी दोनदा गेले. अर्ज करा म्हणाले. नातीकडून लिहून दिला. उत्तर नाही. नवी करायची तर मापाला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि थोरली खाटेवरून उठत नाही. पाच महिने ती पातळ गिळते. कोणी आलं की भिंतीकडे तोंड फिरवते. माझ्याशीही बोलत नाही, हाताने खुणावते.

आज सकाळी दहाला मी तिकीट काढून आत गेले. माहिती सांगणारी एक मुलगी दहा-बारा जणांना फिरवत होती. ज्या खुर्चीत दाजी दुपारभर घोरत, तिच्यावर पाटी, ‘चिंतनाची जागा’. लोक तिथे आवाज खाली करून उभे. थोरली त्या घरात एक्कावन्न वर्षं होती. चार खोल्यांत तिचा एक फोटो नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं.

शेवटच्या खोलीत काचेच्या पेटीत, मखमलीवर, कवळी. मुलगी म्हणाली, “कवींची ही अखेरची कवळी. दात गेल्यावरच त्यांच्या कवितेत हळवेपणा आला, असं अभ्यासक मानतात.” एका बाईने डोळे पुसले.

मी म्हटलं, “बाळ, दाजी सरणावर बत्तीस दात घेऊन गेले. अक्रोड दाताने फोडायचे. हळवेपणा कुठून आला ते अभ्यासकांना दुसरीकडे शोधायला सांग.”

कवळी मी ओळखली. खालच्या बाजूचा डावा सुळा बाकीच्यांपेक्षा पिवळा आहे. तो तुटला होता, बसवायला थोरलीसोबत मीच गेले होते. पेटीला कुलूप नव्हतं. झाकण उचललं, कवळी रुमालात बांधून पिशवीत टाकली. लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत. पहारेकऱ्याने दंड धरला. व्यवस्थापक धावत आला.

“आजीबाई, हा राष्ट्राचा ठेवा आहे.”

“राष्ट्राला काही चावायचंय का?”

“नोंद झालेली वस्तू आहे. क्रमांक एकशे सात.”

“मग बहिणीच्या हिरड्यांनाही क्रमांक दे, जोडी लागेल.”

लोक हसले, म्हणून त्याने पोलीस बोलावले. अपमान झाला असं त्याने तक्रारीत लिहिलंय. झाला, तेही खरं.

आता कवळी जप्त करून लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात बंद केलीय. कवळी कोरडी ठेवली की वाकते. पाण्यात ठेवा. ही विनंती नाही.

जबाब साहेबांनी मोठ्याने वाचला. ‘चोरली’ लिहिलं होतं, ते खोडून ‘उचलली’ करायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे. सही माझी आहे, वाकडी असली तरी.

एवढं खाली जोडा. उचलली का, याचं उत्तर मी दिलं. कवळी कोणाची, ते मला विचारू नका, व्यवस्थापकालाही नाही, अभ्यासकांना तर मुळीच नाही. पाकीट घेऊन माझ्या घरी या, थोरलीच्या तोंडात बसवा आणि तिला विचारा. ती बोलेल तेवढा वेळ बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.